रंग कशामुळे उरला? लेबलवाल्या अँटिबॉडीने विषाणूचं प्रथिन पकडताना

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी डेंग्यूच्या एलायझाची प्लेट लावत होतो. (एलायझा म्हणजे छोट्या खड्ड्यांच्या, म्हणजे वेलच्या, प्लेटमध्ये अँटिबॉडी वापरून हवं ते प्रथिन रंगावरून ओळखायची चाचणी.) शेवटचं वॉशिंग झालं, टीएमबीची, म्हणजे शेवटी रंग देणाऱ्या द्रावणाची, बाटली घेतली, मल्टिचॅनेल पिपेटसाठी ट्रफमध्ये, म्हणजे लांबट पन्हाळीत, ओतली आणि ट्रफच निळा झाला. प्लेटला अजून थेंबही लागला नव्हता. निळा म्हणजे पॉझिटिव्ह एवढंच तेव्हा ठाऊक असल्यामुळे क्षणभर वाटलं, ट्रफलाच डेंग्यू झाला. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ मॅडमनी मान वर न करता विचारलं, "हायपोत बुडवून ठेवला होतास ना? मग पाण्याने धुतलास का?"

धुतला नव्हता. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, प्रत्येक लॅबच्या सिंकखाली असतं तेच. त्यातल्या क्लोरीनमुळे टीएमबीचं ऑक्सिडेशन होतं आणि ते निळं पडतं. प्लेटमध्ये हेच काम एंझाइमने करायचं असतं. टीएमबीला ना विषाणू ओळखता येतो, ना अँटिबॉडी. ऑक्सिडेशन करणारं कोणी भेटलं की ते निळं होतं, बस.

नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हाच किस्सा सांगतो. लेबल लावलेल्या अँटिबॉडीची कुठलीही चाचणी घ्या, शेवटी आपल्याला दिसतं ते फक्त लेबल. तिथे विषाणूचं प्रथिन आहे, हा आपण काढलेला अर्थ असतो. म्हणून प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचं: लेबल इथे उरलं तर ते कशामुळे उरेल? हवं ते प्रथिन सापडलं म्हणून, की माझ्या आळसामुळे?

लेबल म्हणजे काय

अँटिबॉडी हे वाय आकाराचं प्रथिन. तिची दोन टोकं एका ठरावीक आकाराला चिकटतात. पण ती चिकटली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून तिच्या अंगावर दिसेल अशी काहीतरी खूण बांधायची. १९४१ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसविरुद्धच्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. पुढे यालो आणि बर्सन या जोडीने किरणोत्सारी आयोडीनची खूण वापरून रक्तातलं इन्शुलिन मोजलं. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी किरणोत्साराच्या जागी एंझाइम आणलं आणि एलायझा जन्माला आली. त्याच सुमाराला नेदरलँड्समध्येही दोघांनी स्वतंत्रपणे तेच केलं होतं.

आज तुमच्या हातात येणारी लेबलं साधारण चार प्रकारची. पहिलं एंझाइम, आणि त्यात सर्वात जास्त एचआरपी, म्हणजे हॉर्सरॅडिश नावाच्या युरोपी कंदमुळातून काढलेलं पेरॉक्सिडेज. (इंग्रजीत आपल्या शेवग्यालाही कधीकधी 'हॉर्सरॅडिशचं झाड' म्हणतात, कारण त्याच्या मुळालाही तसाच झणका असतो. वनस्पती मात्र अगदी वेगळ्या. दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच.) दुसरं चमकणारा रंग, उदाहरणार्थ एफआयटीसी. तिसरं सोन्याचे अतिसूक्ष्म कण. कोविडच्या घरगुती कार्डावरची ती लालसर रेघ बहुतेक वेळा याच कणांची असते. चौथं बायोटिन, हे एक जीवनसत्त्व. ते स्वतः दिसत नाही, पण अॅव्हिडिन किंवा स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनांना इतकं घट्ट चिकटतं की ते सुटत नाही असंच धरून चालायचं. मग एचआरपी त्या स्ट्रेप्टॅव्हिडिनला बांधलेलं असतं.

एंझाइमचा फायदा असा की त्याचा एकच रेणू टीएमबीचे असंख्य रेणू रंगवतो, त्यामुळे थोडंसं प्रथिनही ठळक दिसतं. तोटाही तोच. चुकून राहिलेला थोडासा कॉन्जुगेटही तितकाच ठळक दिसतो. लेबल लावलेल्या अँटिबॉडीला लॅबमध्ये सगळे 'कॉन्जुगेट' म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

उदाहरण म्हणून डेंग्यूचं एनएस१

जून-जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात ही प्लेट रोज लागते. म्हणून शिकायला हीच बरी.

एनएस१ हे डेंग्यू विषाणूचं असं प्रथिन, जे विषाणूच्या अंगावर नसतंच. संसर्ग झालेली पेशी ते तयार करते आणि सहा-सहाच्या घोळक्याने रक्तात सोडते. ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून ते सापडतं, आणि साधारण नवव्या दिवसापर्यंत कमी होत जातं. आयजीएम, म्हणजे रुग्णाच्या शरीराने संसर्गाविरुद्ध सुरुवातीला तयार केलेली अँटिबॉडी, मात्र पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागते. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा आणि त्यानंतर आयजीएम एलायझा अशी वाटणी आहे. फॉर्मवर तापाचा दिवस लिहिलेला नसेल तर नमुना बाजूला ठेवून वॉर्डात फोन करा. रिकाम्या चौकटीवर तुमची चाचणी अर्धी होते.

प्लेटची रचना सँडविचची. वेलच्या तळाला एक अँटिबॉडी आधीच चिकटवलेली, ती 'कॅप्चर'. तिने सीरममधलं, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातलं, एनएस१ पकडायचं. मग वरून कॉन्जुगेट येतो आणि त्याच एनएस१च्या दुसऱ्या भागाला धरतो. मध्ये एनएस१ नसेल तर कॉन्जुगेटला धरायला काही नाही, तो धुऊन जातो.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत तयार होणारं डेंग्यू आयजीएम किट तुम्ही वापरलं असेल. ते रुग्णाची अँटिबॉडी शोधतं, पण त्यातही लेबल कुठे आहे ते बघा. तळाला माणसाच्या आयजीएमला पकडणारी अँटिबॉडी, तिच्यावर रुग्णाचं आयजीएम, त्यावर आपण टाकलेलं डेंग्यूचं अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला धरते ते विषाणूचं प्रथिन), आणि ते अँटिजेन आलं की नाही हे सांगायला बायोटिन लावलेली अँटिबॉडी, तिच्यावर अॅव्हिडिन-एचआरपी. म्हणजे तिथेही शेवटी आपण विषाणूचं प्रथिनच बघतो, फक्त एक जिना वर चढून.

नवशिक्यांची सर्वात महाग चूक

किट वापरत असाल तर ही चूक कंपनीने तुमच्यासाठी टाळलेली असते. पण एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडी करताना स्वतःची प्लेट बांधायला गेलात की हमखास घडते, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉन्जुगेट दोन प्रकारे वापरता येतो. एक, एनएस१ धरणाऱ्या अँटिबॉडीलाच थेट लेबल लावायचं. दोन, ती अँटिबॉडी बिनालेबलाची ठेवायची आणि तिला धरणारी दुसरी अँटिबॉडी लेबलसकट आणायची. दुसऱ्या प्रकारात एकच लेबलवाली बाटली अनेक चाचण्यांना पुरते आणि खूणही ठळक होते, म्हणून मोह होतो. आता समजा तुमची कॅप्चर अँटिबॉडी उंदराची (म्हणजे उंदरापासून मिळवलेली) आहे, वरची अँटिबॉडीही उंदराची आहे, आणि तुम्ही टाकली 'उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी' बकरीची एचआरपीवाली. ती बिचारी दोन्ही उंदरांना धरणार. तळाची कॅप्चर तर प्रत्येक वेलमध्ये आहे. सगळी प्लेट निळी, निगेटिव्ह कंट्रोल (एनएस१ नाही हे आधीच माहीत असलेला नमुना) तोही निळा, नमुनाच न टाकलेला कोरा वेलही निळा.

हे कागदावर वाचताना कोणाला पटत नाही की आपण असं करू. करतात. उपाय सोपा: प्लेट लावण्यापूर्वी वहीत थर काढा. तळापासून वर, प्रत्येक थरासमोर प्राण्याचं नाव लिहा. कॅप्चर सशाची, वरची उंदराची, कॉन्जुगेट उंदरालाच धरणारा आणि सशाला, माणसाला न धरणारा. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला हे चित्र दाखवल्याशिवाय मी बाटली उघडू देत नाही. वेळ जातो, पण महिन्याचा पगार जाईल इतकी महाग बाटली वाचते.

रुग्णाच्या सीरममधूनही हाच घोटाळा होऊ शकतो. काहींच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे अँटिबॉडीलाच धरणारी अँटिबॉडी, असतो, काहींच्या रक्तात उंदराच्या अँटिबॉडीला धरणाऱ्या अँटिबॉडी असतात. त्या कॅप्चर आणि कॉन्जुगेट यांच्यामध्ये एनएस१ नसतानाही पूल बांधतात. म्हणून डायल्युअंटमध्ये, म्हणजे नमुना पातळ करायच्या द्रावणात, साधं उंदराचं सीरम मिसळतात, म्हणजे हा पूल बाहेरच्या बाहेर बांधला जातो. किटचं डायल्युअंट संपलं म्हणून सलाईन वापरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता प्लेट लावू

हातमोजे, एप्रन, आणि प्रत्येक सीरम संसर्गजन्य आहे असं धरूनच बसायचं. एनएस१ शोधायचं म्हणून आलेल्या नमुन्यात कावीळही असू शकते.

किट फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. थंड बाटलीतून पिपेट नीट माप घेत नाही, आणि थंड प्लेटमध्ये मधल्या वेल कडेच्या वेलपेक्षा उशिरा गरम होतात, त्यामुळे कडेला रंग जास्त येतो. माहितीपत्रकात 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं तेव्हा त्यांच्या डोक्यात वीस ते पंचवीस अंश असतात. मे महिन्यात नागपूरच्या बिनाएसीच्या खोलीत तेच शब्द वेगळा अर्थ घेतात. एसी नसेल तर पारा किती होता ते रजिस्टरात लिहा, निदान नंतर रंग का चढला हे कळेल.

प्लेटचा नकाशा आधी कागदावर. आठ ओळी, बारा रांगा, छप्पन्न नमुने असोत की पाच, कोरा वेल, निगेटिव्ह कंट्रोल, पॉझिटिव्ह कंट्रोल, आणि किटने मागितला असेल तर कट-ऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेघ) कंट्रोल. उरलेल्या पट्ट्या पाकिटात सिलिका जेलच्या पुडीसकट परत, झिप बंद. पावसाळ्यात कोकणातल्या लॅबमध्ये उघडं पाकीट म्हणजे ओली प्लेट.

स्वतःची प्लेट बांधायची असेल तर आदल्या संध्याकाळी सुरुवात होते. कॅप्चर अँटिबॉडी कार्बोनेट बफरमध्ये, पीएच ९.६, मिलिलिटरला एक ते दहा मायक्रोग्रॅम या पट्ट्यात कुठेतरी, प्रत्येक वेलला शंभर मायक्रोलिटर, झाकून रात्रभर चार अंशाला. सकाळी धुऊन ब्लॉकिंग. वेलच्या प्लास्टिकवर जिथे कॅप्चर बसली नाही तिथे मोकळी जागा राहते, आणि ती येईल त्या प्रथिनाला ओढून घेते, कॉन्जुगेटलाही. ती जागा आधीच एक टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) किंवा साय काढलेल्या दुधाच्या पावडरीने भरायची, तास-दोन तास. बायोटिनची पद्धत असेल तर दूध टाळा, दुधात बायोटिन असतं.

नमुना. सीरम स्वच्छ हवं. लालसर, फुटलेलं रक्त आलं तर दुसरं मागवा. हिमोग्लोबिन स्वतः थोडंफार पेरॉक्सिडेजसारखं वागतं, म्हणजे धुण्यात कसूर झाली तर एचआरपी नसतानाही रंग. दोन-तीन दिवसांत चाचणी होणार असेल तर फ्रीज चालेल, नाहीतर उणे वीस किंवा त्याखाली, आणि छोट्या छोट्या नळ्यांत. तेच सीरम चारदा वितळवून गोठवलं की त्यातलं प्रथिन थकतं.

नमुना टाकला, झाकलं, किटने सांगितलेला वेळ ३७ अंशाला. काही किटमध्ये नमुना आणि कॉन्जुगेट एकदमच टाकतात. वेळ वाचतो, पण एक गोम लक्षात ठेवा. एनएस१ फारच जास्त असेल तर कॅप्चरलाही वेगळं एनएस१ मिळतं आणि कॉन्जुगेटलाही वेगळं, सँडविच बनतच नाही आणि रंग कमी येतो. याला हूक इफेक्ट म्हणतात. तिसऱ्या दिवसाचा, प्लेटलेट घसरलेला, लक्षणं शंभर टक्के डेंग्यूची आणि ओडी (रीडर मोजतो तो रंगाचा गडदपणा) विचित्र कमी, असा नमुना सौम्य करून पुन्हा लावून बघा. सौम्य केल्यावर रंग वाढला तर हूकच.

धुणं

यावर आणखी एक लेख होईल. फॉस्फेट बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य), वेल काठोकाठ, साधारण तीनशे मायक्रोलिटर, अर्धा मिनिट थांबायचं, मग एका झटक्यात पालथी घालून टिश्यूच्या गठ्ठ्यावर आपटायची. आपटायची म्हणजे आपटायची, हळुवार टेकवायची नाही. तीन वेळा सांगितलं असेल तर तीन, पाच सांगितलं असेल तर पाच. चार धुणी झाली असतील बहुधा, असं वाटलं की पाचवं करायचं.

ट्वीन फेस करतो आणि फेसाखाली वेल रिकामी राहते. ऑटोमॅटिक वॉशर असेल तर रोज सकाळी एकदा रिकाम्या प्लेटवर चालवून सगळ्या सुया सारखं पाणी सोडतात का ते बघा. एक सुई तुंबली की एका अख्ख्या रांगेतले रुग्ण पॉझिटिव्ह होतात. मी हे बघितलंय. एकाच रांगेत आठपैकी सात पॉझिटिव्ह आले आणि ते सगळे वेगवेगळ्या गावांतले होते. साथ नव्हती, सुईत अडकलेला मिठाचा खडा होता.

कॉन्जुगेट किती पातळ करायचा

किटमध्ये तयार मिळतो. सुटी बाटली घेतली असेल तर तिच्यावरचा आकडा हा सल्ला समजा, आज्ञा नव्हे.

चेकरबोर्ड लावा. आडव्या दिशेने कॉन्जुगेट १:१०००, १:२०००, १:४०००, १:८०००, १:१६०००. उभ्या दिशेने अँटिजेन जास्तीपासून शून्यापर्यंत. शून्याची ओळ विसरू नका, सगळी गंमत तिच्यातच आहे. समजा १:१००० ला पॉझिटिव्हची ओडी ३.२ आणि शून्याची ०.४ आली, तर गुणोत्तर आठ. १:८००० ला पॉझिटिव्ह १.८ आणि शून्य ०.०६, तर गुणोत्तर तीस. नवखा माणूस गडद रंगाला भुलून पहिलं घेतो. दुसरं घ्या, चार पैसेही वाचतात.

शिवाय ओडी ३.२ हा आकडा दिसतो तितका खरा नसतो. ओडी १ म्हणजे दहावा हिस्सा उजेड पार गेला, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. हजारावा हिस्सा मोजताना बऱ्याच रीडरची नजर मंदावते. तीनच्या पुढच्या दोन नमुन्यांत जास्त कोण, यावर वाद घालू नये.

आता हिशेब. ९६ वेलना शंभर मायक्रोलिटर म्हणजे ९.६ मिलिलिटर, सांडासांड धरून ११ करा. १:५००० हवंय, म्हणजे ११ मिलिलिटरमध्ये २.२ मायक्रोलिटर. इतकं कमी माप पिपेटने घेऊ नका, टिपेच्या बाहेर चिकटलेला थेंबच तेवढा असतो. दोन टप्प्यांत करा: ५ मायक्रोलिटर कॉन्जुगेट ४९५ मध्ये, झालं १:१००. त्यातले २२० मायक्रोलिटर घेऊन एकूण ११ मिलिलिटर करा, म्हणजे आणखी पन्नासपट. शंभर गुणिले पन्नास, पाच हजार.

पातळ करायला घेतलेल्या बफरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचा. बुरशी येऊ नये म्हणून काही जण बफरमध्ये सोडियम अझाइड घालतात, आणि अझाइड एचआरपीला मारतं. प्लेट पांढरी फटक, पॉझिटिव्ह कंट्रोलसकट. दुसरं एंझाइम अल्कलाइन फॉस्फटेज, त्याला अझाइड चालतं पण फॉस्फेट चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी ट्रिस बफर. ज्याचं पथ्य त्याला. अझाइडचं पाणी सिंकमध्येही ओतू नये, तांबं-शिसं असलेल्या नळीत साठून ते स्फोटक संयुगं बनवतं.

कॉन्जुगेट गोठवायचा नाही. दोन ते आठ अंश, आतल्या कप्प्यात. फ्रीजच्या दारात नको, तिथे दर उघडझापीला हवा बदलते. ग्रामीण रुग्णालयात रात्रभर वीज गेली असेल तर सकाळी फ्रीजचा थर्मामीटर बघूनच किट हातात घ्या.

रंग, आम्ल, रीडर

टीएमबी शंभर मायक्रोलिटर, अंधारात, दहा-पंधरा मिनिटं किंवा किट म्हणेल तेवढी. टाकण्याआधी बाटलीकडे बघा, ते बिनरंगी हवं. निळसर झाक असेल तर ते आधीच बाटलंय. ट्रफ नवा, हायपोचा वासही नको. (माझ्या टेबलावर टीएमबीच्या ट्रफवर मार्करने मोठा 'टी' लिहिलेला आहे, त्याला कोणी हात लावत नाही.)

मग सल्फ्युरिक आम्ल, ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने टीएमबी टाकलं त्याच क्रमाने. एंझाइम थांबतं, निळा रंग पिवळा होतो. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत टीएमबी टाकायला दोन मिनिटं लागली असतील तर आम्ल टाकायलाही दोन मिनिटं घ्या, म्हणजे प्रत्येक वेलला सारखाच वेळ मिळतो. वाचन ४५० नॅनोमीटरला, आणि रीडरमध्ये सोय असेल तर ६२० किंवा ६३० ला संदर्भ वाचन, म्हणजे तळावरचे बोटांचे ठसे आणि ओरखडे वजा होतात. बुडबुडे सुईने फोडा, प्लेटचा तळ पुसा, पंधरा मिनिटांच्या आत वाचा.

कंट्रोल किटच्या मर्यादेत आले तरच पुढे. नाही आले तर प्लेट रद्द, रुग्णाचा आकडा कितीही सुंदर असो. इथे नवे लोक अडखळतात, कारण वॉर्डातून तीन फोन येऊन गेलेले असतात. "निगेटिव्ह कंट्रोल थोडासाच वर आहे मॅडम" हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, आणि त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

कट-ऑफ किटच्या सूत्राने. घरच्या प्लेटसाठी, ज्यांना खात्रीने डेंग्यू नाही अशांचे पुरेसे नमुने लावून त्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, अशी सुरुवात करता येते. समजा सरासरी ०.०८ आणि विचलन ०.०२, तर रेघ ०.१४ वर. 'खात्रीने नाही' हे मुंबईच्या ऑगस्टमध्ये मिळवणं कठीण, त्यासाठी जानेवारीतले नमुने जपून ठेवा. रेघेच्या अगदी जवळ आलेला नमुना दोन वेलमध्ये पुन्हा, आणि तरीही तिथेच घुटमळला तर दुसरं सीरम मागवा.

रंग चुकीचा आला तर मूळ प्रश्नाकडे या. सगळ्या वेल निळ्या: धुणं, ब्लॉकिंग, उंदीर-उंदीर घोटाळा, किंवा टीएमबी बाटलेलं. सगळ्या पांढऱ्या: अझाइड, कॉन्जुगेट टाकायचा राहिला, किंवा एखादी बाटली मुदत संपलेली. फक्त कडेच्या निळ्या: प्लेट थंड होती किंवा झाकली नव्हती. विखुरलेल्या एक-दोन: थेंब उडाला. एकच गोष्ट बदलून पुन्हा लावा. तीन गोष्टी एकदम बदलून प्लेट सुधारली तर तुम्ही काहीच शिकला नाहीत.

चमकणारं लेबल: रेबीजची स्लाइड

एलायझा सांगते की प्रथिन आहे आणि किती. ते पेशीत कुठे आहे हे बघायचं असेल तर चमकणारं लेबल लागतं. याचं जुनं आणि अजूनही भरवशाचं उदाहरण म्हणजे रेबीज. मेलेल्या जनावराच्या मेंदूचा ठसा, ब्रेनस्टेम आणि सेरिबेलमचा, काचेवर घेतात, थंडगार अॅसिटोनमध्ये स्थिर करतात आणि रेबीजच्या न्यूक्लिओकॅप्सिडला, म्हणजे विषाणूच्या जनुकीय धाग्याला गुंडाळणाऱ्या प्रथिनाला, धरणारी एफआयटीसीवाली अँटिबॉडी टाकून अर्धा तास ३७ अंशाला दमट डब्यात ठेवतात. धुतल्यावर फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली निळ्या उजेडात सफरचंदी हिरवे ठिपके चमकतात. हे काम लस घेतलेल्या आणि टायटर (रक्तातल्या संरक्षक अँटिबॉडीचं प्रमाण) तपासलेल्या माणसानेच करायचं, शिकाऊंनी बाजूला बसून फक्त स्लाइड वाचायला शिकावं.

इथे एंझाइमसारखी वाढ नाही, एक रेणू एवढाच चमकतो. आणि उजेडात तो विझतो. म्हणून स्लाइड पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये, एकाच जागी लेन्स रोखून चहा प्यायला जायचं नाही. पेशींना स्वतःचीही थोडी पिवळट चमक असते. ती आणि एफआयटीसीचा हिरवा यांतला फरक डोळ्याला कळायला पन्नासेक स्लाइड बघाव्या लागतात. पॉझिटिव्ह मेंदू आणि निगेटिव्ह मेंदू रोज शेजारी ठेवायचे. शिवाय तोच नमुना असंबंधित विषाणूच्या एफआयटीसी अँटिबॉडीने रंगवायचा. तोही चमकला तर चिकटपणा नमुन्याचा, रेबीजचा नव्हे.

रिपोर्ट लिहिताना

एनएस१ निगेटिव्ह आला म्हणजे डेंग्यू नाही, असं लिहू नका. सातव्या दिवशी ते गेलेलं असू शकतं. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या रक्तातल्या जुन्या अँटिबॉडी एनएस१ला घेरतात आणि कॅप्चरला ते सापडत नाही, त्यामुळे दुसऱ्या खेपेला एनएस१ चुकण्याची शक्यता जास्त. तापाचा दिवस, चाचणीची पद्धत आणि किटचा लॉट नंबर रिपोर्टमध्ये असू द्या, आणि पाच दिवस उलटले असतील तर आयजीएम सुचवा.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणारे रुग्ण हल्ली भरपूर. तुमची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर असेल तर रक्तातलं बायोटिन जागा अडवतं आणि सँडविच चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गोळ्या चालू आहेत का, हे विचारायची चौकट फॉर्मवर नसेल तर पेनाने लिहून विचारा.

आणि वाचून झालेली प्लेट लगेच हायपोत टाकू नका. रीडरचा कागद, नकाशा आणि रजिस्टर यांचे नंबर दोघांनी मिळून जुळवा. मग प्लेट हायपोत, ट्रफ पाण्यात.